प्रश्न विचारून थांबावे

हडपसर
९ फेब्रुवारी, रविवार

मदिना,

सगळ्यात आधी आली विमलाबाई. दुपारचा चहा झाल्यावर या म्हटलं होतं, तर ही चहाच्याच वेळेला हजर. आणि येताना बसायला स्वतःचा पाट घेऊन आली. मी म्हटलं, अगं खुर्च्या आहेत. तर म्हणते, खुर्चीवर बाई बसतात, मुलांनी खालीच बसायचं. एकदा खाली बसली की तिला उठवायला दोन माणसं लागतात हे ती विसरली, मी नाही विसरले. तिच्या मागून दत्तोबा आले, दाढी करून, खिशाला पेन लावून. पीएमटीत कंडक्टर होते तेव्हापासून त्यांना पेनाशिवाय घराबाहेर पडवत नाही. शेवटी चंपा, विमलाबाईच्या वरच्या मजल्यावरची. ती मुद्दाम उशिरा आली, कारण विमलाबाई आत गेलेली तिनं गॅलरीतून पाहिलं होतं.

तू म्हणशील ही कसली मुलं आणि कसली शाळा. सांगते. थोडं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, नाहीतर मला पुढचं सुचत नाही.

आपली पायल बाई व्हायला शिकतेय, बी.एड. करतेय, तुमच्या कर्वेनगरच्या कॉलेजात. त्यात त्यांना खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवून दाखवावं लागतं. त्याला सराव पाठ म्हणतात. ही पुढे उभी राहून शिकवते आणि कॉलेजच्या मॅडम शेवटच्या बाकावर बसून वहीत लिहीत राहतात. आवडलं नाही तर पाठ रद्द. पायलचा एक रद्द झाला, मग दुसरा रद्द झाला. आता तिसरा बावीस तारखेला, शनिवारी, इथेच हडपसरच्या शाळेत, पाचवीच्या वर्गावर. तोही रद्द झाला तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष गेलं.

वैजनाथ तिचा बाप आणि माझाच मुलगा, पण बोलतो परक्यासारखं. म्हणतो, नसेल जमत तर मार्केट यार्डात पोपटमामाच्या गाळ्यावर पावत्या लिहायला बसव. पोपट तर खुर्ची पुसूनच बसलाय. पायल त्या रात्री जेवली नाही. म्हणजे जेवली, पण लोणचं मागितलं नाही. त्यावरून काय ते समज. लहानपणी बाहुल्यांची हजेरी घ्यायची गं ती, आणि गैरहजर बाहुलीला शिक्षा करायची.

मॅडमनी दोन्ही वेळा एकच शेरा दिला. प्रश्न विचारून थांबावे. बास, एवढंच. पायलला मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, आजी, मी प्रश्न विचारते, मुलं गप्प बसतात, मला कसंतरी होतं आणि मीच उत्तर सांगून टाकते. पूर्ण तास मीच विचारते आणि मीच सांगते. मुलं नुसती बघतात.

आता यात पोरीचा काय दोष? आमच्या घरात थांबतं कोण? हिच्या आजोबांना कोणी पत्ता विचारला, तर त्या माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते त्याच्या स्कूटरवर मागे बसलेले असायचे. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे माणूस रागावलाय नाहीतर दात दुखतोय.

म्हणून मी ठरवलं, घरीच वर्ग भरवायचा. मुलं शाळेत जातात, तर म्हातारे बसवू. पायलने कॅलेंडरची मागची बाजू फळा म्हणून कपाटाला लावली. धडा होता पाण्याची वाफ होते त्याचा. छान उभी राहिली, पदर खोचून, साडी माझीच. आणि म्हणाली, मुलांनो, ओला कपडा आपण दोरीवर वाळत घातला, थोड्या वेळाने तो वाळला. मग त्यातलं पाणी कुठे गेलं?

विमलाबाई म्हणाली, "माझ्या पापडांवर."

झालं. चंपा म्हणाली, माझे कपडे पिळलेले असतात. विमलाबाई म्हणाली, पिळलेले असतात तर माझा उडदाचा पापड भज्यासारखा का फुगतो? चंपा म्हणाली, तुझं पीठच तसं. दत्तोबा उभे राहून ओरडले, दारात गर्दी करू नका, एकेकानं बोला. पायल बिचारी मधून सांगतेय, अहो आजी, ते पाणी वाफ होऊन हवेत जातं. तिनं तीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही. शेवटी ती स्वयंपाकघरात येऊन माठाला टेकून बसली आणि म्हणाली, पाचवीची मुलं परवडली.

म्हणून तुला लिहितेय. त्या मॅडम, शाइस्ता मॅडम, तुझ्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतात ना? तू जाऊन हळूच काढून घे, त्यांना नक्की काय हवं असतं. फोनवर सांगणार होते, पण तुला ऐकू यायचं तर मला ओरडावं लागतं, आणि तुला ऐकू यायच्या आधी मॅडमना खाली ऐकू जाईल.

पायलचं नाव काढू नकोस. लक्षात ठेव.

तुझी दुर्गा

कर्वेनगर
१३ फेब्रुवारी

दुर्गे,

तुझं पत्र आज मिळालं. हडपसरहून कर्वेनगरला पत्र यायला चार दिवस. तेवढ्यात तू चालत आली असतीस आणि वाटेत दोन घरी चहा प्याली असतीस.

वाचलं आणि लगेच खाली गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून शेवयांची खीर नेली. मेहनाजने, म्हणजे माझ्या नातसुनेने केली होती, साखर कमीच होती, तिला हल्ली सगळ्यांची शुगर दिसते. शाइस्ताने दार उघडलं, बसा म्हणाली, आणि विचारलं, "कशा आहात खाला?"

मी म्हटलं, बरी आहे.

मग ती काही बोलेचना. नुसती बघत बसली माझ्याकडे, चांगल्या नजरेनं. मला वाटलं तिला अजून ऐकायचंय, म्हणून गुडघ्यांचं सांगितलं. तरी गप्प. मग मेहनाजच्या खिरीचं सांगितलं. तरी गप्प. मग काय करणार, नातवाला, हुसेनला, दुकानात ताक पिताना उचकी लागली होती तेही सांगितलं. आणि ती अशी मान हलवते, जणू पुढे अजून काहीतरी मोठं येणार आहे. मलाही वाटायला लागलं की यायला पाहिजे.

थोडक्यात, पायलचं नाव निघालं. मी मुद्दाम नाही काढलं. ते आपोआप आलं.

पण तू काळजी करू नकोस, वाईट काही बोलले नाही. पोरगी गुणी आहे, बाप पोपटाच्या गाळ्यावर बसवायला निघालाय, आजी घरी म्हाताऱ्यांचा वर्ग घेते, एवढंच सांगितलं. आणि पापडांचं. पापडांचं ऐकून तिनं ओठ दाबले, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

वर आल्यावर लक्षात आलं की मी तिला काहीच विचारलं नाही. म्हणून संध्याकाळी परत गेले. संध्याकाळी चंपाच्या सासूचं सांगून आले.

माझं मत विचारशील तर बाई गरीब स्वभावाची आहे. बोलताच येत नाही तिला. कॉलेजात कशी शिकवते अल्ला जाणे. अशा बाईला घाबरायचं काही कारण नाही. पायलला म्हणावं बिनधास्त शिकव.

मदिना

ता. क. चंपाच्या सासूचं तिला कळलंय हे चंपाला सांगू नकोस.

हडपसर
१८ फेब्रुवारी

मदिना,

तुला टेहळणीला पाठवलं होतं, तू अख्खा किल्ला लिहून देऊन आलीस. धन्य आहे.

अगं, गरीब कसली? ती गप्प बसून तुझ्याकडून सगळं काढून घेते. तू दोनदा गेलीस आणि दोनदा रिकामी होऊन आलीस. मी तुझं पत्र पायलला वाचून दाखवलं. पायल हसत हसत मध्येच थांबली, पत्र माझ्या हातातून घेतलं आणि तो भाग परत वाचला, तू खिरीचं सांगितलंस तो. म्हणाली, आजी, हेच ते. प्रश्न विचारून थांबणं म्हणजे हे. मॅडम आम्हाला वर्गात सांगायच्या, विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ द्या, तुम्ही बोललात की त्यांचा विचार संपतो. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

कळलं हे खरं, पण जमायला नको? मी तिला म्हटलं, मला विचार काहीतरी. तिनं विचारलं, आजी, आज भाजी काय? मी गप्प बसले, मुद्दाम. आणि हिनंच सांगितलं, दोडक्याची. घराणंच तसं.

मग मला एक युक्ती सुचली. मलाच सुचली, वैजनाथला वाटतं यूट्यूबवर पाहिली. पायलच्या हातात लिमलेटच्या गोळ्या दिल्या. प्रश्न विचारला की गोळी तोंडात टाकायची. ती विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चावायची तर मुळीच नाही.

परवा परत वर्ग भरवला. विमलाबाई एकीकडे, चंपा दुसरीकडे, मध्ये दत्तोबांना बसवलं. पायल म्हणाली, कपडा वाळला, पाणी कुठे गेलं? आणि गोळी तोंडात.

सगळे गप्प. मदिना, मी तुला काय सांगू, आमच्या घरात एवढी शांतता मी ह्यांच्या तेराव्यालाही पाहिली नव्हती. पायलचा गाल फुगलेला, डोळे सगळ्यांवर फिरतायत. विमलाबाईने पदराचं टोक पिळायला घेतलं. आणि मग एकदम चंपा बोलली.

"मी मुद्दाम पिळत नाही कपडे."

विमलाबाई तिच्याकडे बघायला लागली. चंपा म्हणाली, संक्रांतीला मी तिळाच्या वड्या पाठवल्या, तुम्ही डबा परत दिलात तो रिकामा. साखरेचे चार दाणे तरी घालायचे होते. भरल्या घरातून रिकामा डबा येतो का? तेव्हापासून नाही पिळत.

विमलाबाई म्हणाली, अगं बाई, तो डबा तुझा होता? मला वाटलं माझाच, म्हणून घासून ठेवला होता. सुनेनं तुझ्याकडे दिला असेल.

मला वाटलं आता रडतात की काय दोघी. तेवढ्यात दत्तोबा म्हणाले, गच्चीची किल्ली गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडेच आहे, सापडत नाही असं खोटं सांगितलं, कारण वर गर्दी झाली की मला झोप लागत नाही. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. पायल आपली गोळी चघळतेय.

आणि मग गंमत झाली. विमलाबाई विचार करून म्हणाली, पण काय गं, ते चंपाचं पाणी माझ्या पापडांवर पडलं, तेही संध्याकाळपर्यंत वाळलंच की. मग ते कुठे गेलं? माझ्या खाली तर दुर्गाबाई राहतात, त्यांच्याकडे काही पडलं नाही. चंपा म्हणाली, उन्हानं प्यालं असेल. दत्तोबा म्हणाले, ऊन कसं पिणार, त्याला तोंड आहे का, वर गेलं असणार, चहाची वाफ जाते तसं. तिघं पापडांवरून वाफेपर्यंत आले, आणि पायलने एक शब्द सांगितला नाही. गोळी संपली होती, तरी गप्प राहिली. मी पाहिलं ना, गाल केव्हाच बसला होता.

शनिवारी आहे पाठ. तू आता खाली जाऊ नकोस. खीरही पाठवू नकोस. दरवाजा लावून बस.

दुर्गा

कर्वेनगर
२० फेब्रुवारी

दुर्गे,

हे पत्र मिळेल तेव्हा लगेच घर आवर.

मी गेले नव्हते, शाइस्ताच वर आली. मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. ती बसली, पाणी प्याली, म्हणाली, "खाला, दुर्गाबाई राहतात कुठे?" आणि बसली बघत.

मी तोंडावर ओढणी धरली. मेहनाजने विचारलं उलटी होतेय का. मी मान हलवली. मग शाइस्ताच उठायला लागली, आणि मला वाटलं तिला वाईट वाटलं, तर मी पत्ता सांगितला. गाडीतळापासून कसं वळायचं, पिठाच्या गिरणीचा बोळ, तळमजला, दारात तुळस आणि मोडकी सायकल. कागदावर नकाशा पण काढून दिला. नकाशा चांगला आला होता.

शनिवारी पाठ झाला की दोन मुलींना घेऊन तुझ्याकडे येणार आहे. का ते सांगितलं नाही. मला वाटतं तक्रार करणार. घरी शिकवणी घेऊन पाठ करून घेतलात, मोठ्या माणसांना मुलं केलंत, असं काहीतरी. तू उलटून बोलू नकोस. पापड दिसू देऊ नकोस. चंपाला वरच ठेव.

मी रोज दुवा मागतेय पोरीसाठी. माझ्यामुळे तिचं काही बिघडलं तर मी तुला तोंड दाखवणार नाही. तसंही पत्रात ते दिसत नाही.

मदिना

हडपसर
२४ फेब्रुवारी, सोमवार

मदिना,

तुझं पत्र आज सकाळी आलं. मॅडम परवा येऊन, चहा पिऊन, विमलाबाईचे दोन भाजके पापड खाऊन गेल्या. घर जसं होतं तसंच होतं. बरं झालं पत्र उशिरा आलं, नाहीतर मी चंपाला वर ठेवलं असतं आणि मोठीच मजा हुकली असती.

आधी शाळेचं सांगते. मला पायलने सांगितलं, तिच्या बरोबरच्या मुलींनी सांगितलं, आणि शाळेच्या शिपाईबाई वैजनाथला भेटल्या त्यांनीही सांगितलं. तिन्हींचं मिळून लिहितेय.

पायल वर्गात गेली. फळ्यावर छान दोरी काढली, दोरीवर शर्ट काढला. मॅडम शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या. पायलने विचारलं, पाणी कुठे गेलं? आणि हळूच गोळी तोंडात टाकली. मी दिलेलीच.

वर्ग गप्प. पण पाचवीची मुलं म्हणजे काय दत्तोबा आहेत? पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत पोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही काय खाताय?"

मागून एक म्हणाला, बाई, आम्हाला डबा खायला देत नाही तासाला.

पायल सांगते, बोलावं तर तोंडात गोळी, गिळावी तर अडकेल. शेवटी तिनं रुमाल काढला, गोळी त्यात घेतली, आणि मदिना, तिनं खोटं नाही सांगितलं. म्हणाली, मला एक वाईट सवय आहे. मी प्रश्न विचारते आणि तुम्हाला बोलू न देता मीच उत्तर सांगते. तसं होऊ नये म्हणून तोंडात गोळी धरली होती.

पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. आणि ती चुणचुणीत पोर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, बाई, तुम्ही खुर्चीत बसा, आम्ही सांगतो, बोललात की तुम्ही आउट.

मग काय विचारतेस. एक म्हणाला पाणी कपड्यात मुरून बसतं. दुसरा म्हणाला मग कपडा जड का लागत नाही. एकीने ओल्या हाताने फळ्यावर पंजा उमटवला आणि सगळा वर्ग तो पुसट होताना बघत बसला. पंज्याखाली जमीन कोरडी होती, मग थेंब पडला नाही, मग गेला कुठे. पायल हाताची घडी घालून बसलेली. म्हणते, आजी, दोनदा उत्तर जिभेवर आलं, जीभ चावली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो म्हणे वर्षभर कोणाशी बोलला नव्हता, तो म्हणाला, ते बारीक बारीक होऊन हवेत गेलं, दिसत नाही एवढं बारीक. आणि घंटा झाली.

पायलच्या पाठाच्या टाचणात अजून कितीतरी बाकी होतं. व्याख्या लिहायची होती, चित्राला नावं द्यायची होती, घरचा अभ्यास द्यायचा होता. फळा अर्धा मोकळा. मॅडम वही मिटून काही न बोलता बाहेर पडल्या. पायलला वाटलं, संपलं. पोपटमामाची खुर्ची.

आणि त्याच मॅडम तिला म्हणाल्या, चला तुमच्या घरी.

मी भाकरी टाकत होते. दारात बघते तर पायल पांढरी पडलेली, तिच्यामागे दोन मुली, आणि पुढे मॅडम, हातात कागदाचा नकाशा. तो कुणाचा ते मला आज कळलं. विमलाबाई, चंपा आणि दत्तोबा निकाल ऐकायला आधीपासून येऊन बसले होतेच.

मॅडम खुर्चीवर बसल्या. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग, काय काय शिकवलंत पायलला?"

आणि बसल्या बघत.

मी मनात म्हटलं, बाई गं, हीच ती. मी डोळे मोठे करून सगळ्यांना दटावलं, कोणी तोंड उघडायचं नाही. विमलाबाईने पदर तोंडात कोंबला. चंपाने माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या निरखायला घेतल्या. दत्तोबांनी पंख्याकडे मान केली ती खालीच आणेनात. बाहेर बटाटेवाल्याची गाडी भोंगा लावून आली आणि गेली. तव्यावरची भाकरी करपली, मला वास आला, तरी मी उठले नाही. पायल भिंतीला टेकून उभी, तीही गप्प. मॅडमही गप्प. मॅडमच्या बरोबरची एक मुलगी खोकायला लागली, पण ते खोकणं नव्हतं, हसू होतं.

मला वाटलं मी फुटणार. किल्लीचं, डब्याचं, लिमलेटचं, तुझ्या हुसेनच्या ताकाचं, सगळं ओठांवर आलं होतं.

आणि मॅडमनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत काढला. आणि म्हणाल्या, "बरं, मीच सांगते. पाठ मंजूर केलाय."

दत्तोबांची मान खाली आली.

मग मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. म्हणाल्या, इतकी वर्षं मी सगळ्यांना बोलतं करते, मला कोणी असं बोलायला लावलं नव्हतं. पायलला म्हणाल्या, व्याख्या राहिली, फळा अर्धा राहिला, त्याचे गुण कापलेत, आणि वर्गात खाऊ नये असं लिहिलंय. पण आज पहिल्यांदा तुझ्यापेक्षा वर्ग जास्त बोलला. राहिलेली व्याख्या सोमवारी जाऊन दे, मुलं आता विसरणार नाहीत. पायल मॅडमच्या पाया पडायला वाकली, त्या मागे सरकल्या, तर ही तशीच वाकलेली माझ्याकडे वळली आणि माझ्या पायाशी बसून रडली. मी म्हटलं, उठ, भाकरी करपली, दुसरी टाक.

वैजनाथने संध्याकाळी पोपटला फोन लावला. म्हणाला, खुर्चीवर कोणीतरी दुसरं बसव. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

त्या दोन मुली कोण, ते सांगायचं राहिलं. त्याही बी.एड.च्या, आणि त्यांचेही पाठ अडलेत. एकीला वर्गात गोंधळ झाला की रडू येतं, दुसरी रागावते. मॅडम म्हणाल्या, इथे ज्या मुलीचा पाठ निभेल तिला पुण्यातल्या कुठल्याही शाळेत पाठवायला मला भीती वाटणार नाही, एवढा अवघड वर्ग मी पाहिला नाही. विमलाबाई इतकी फुगली की पाटावरून एकटीच उठली. चंपाने लगेच विचारलं, पुढचा धडा कुठला? तर म्हणे अपूर्णांक. दत्तोबा म्हणाले, सुट्ट्या पैशांचं मला विचारा.

मॅडमना बुधवारी यायचं होतं, पण बुधवारी महाशिवरात्र. चंपा म्हणाली, उपाशी पोटी मी कुणाचं ऐकणार नाही. म्हणून गुरुवारी येतो म्हणाल्यात, दुपारच्या चहाला, दोन्ही मुली आणि मॅडम.

दुर्गा